मंगळाचे वेध : नांदगांवापासून मंगळयानापर्यंत

ग्रहमालेंतील ज्या ग्रहाचें नांव आमच्या घरांतून सर्वांत अधिक वेळां उच्चारलें जातें, आणि ज्यास प्रत्यक्ष पाहण्याचे श्रम सर्वांत कमी घेतले जातात, असा ग्रह मंगळ होय. लग्न जुळवावयाचें झालें कीं पहिली विचारणा त्याची होते. "मुलीस मंगळ आहे" एवढ्या तीन शब्दांवर चांगलीं जमलेलीं स्थळें मोडतात. परंतु तीं मोडणाऱ्यांस त्याच रात्रीं अंगणांत उभें करून, "तो मंगळ कोठें आहे, तेवढें दाखवा," असें म्हटलें, तर बोट कोणत्या दिशेस करावें या विचारांत बहुतेकजण पडतील.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांनीं मंगळाकडे खरोखर पाहिलें त्यांस काय दिसलें, आणि त्यावरून त्यांनीं काय ठरविलें, हें क्रमवार सांगावें एवढाच या लेखाचा हेतु आहे. हा इतिहास वाचतांना एक सूत्र हातीं धरावें. आमच्या जुन्या ज्योतिष्यांनीं त्यास 'दृक्प्रत्यय' असें नांव दिलें आहे. गणितानें काढलेलें ग्रहाचें स्थान डोळ्यांनीं आकाशांत पडताळून पाहणें, आणि दोहोंचा मेळ न बसल्यास आकाशास नव्हे तर गणितास दुरुस्त करणें, हा त्याचा अर्थ.

१. ग्रहाची ओळख

सूर्यापासून पृथ्वी तिसरी आणि मंगळ चौथा. सूर्यापासून त्याचें सरासरी अंतर सुमारें २२ कोटि ८० लक्ष किलोमीटर आहे. त्याचा व्यास सुमारें ६,७८० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या निम्म्याहून थोडा अधिक. त्याचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारें चाळीस मिनिटांनीं मोठा, आणि वर्ष आपल्या ६८७ दिवसांचें. येथें शंभर किलो भरणारें ओझें तेथें उचलूं गेल्यास अडतीस किलोंइतकेंच जड लागेल. त्याचें वातावरण अतिशय विरळ असून तें मुख्यत्वें कार्बन डायऑक्साइड वायूचें आहे. त्याचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे.

त्याच्या तांबूस रंगावरून त्यास अंगारक व लोहितांग हीं नांवें मिळालीं. भौम व कुज या नांवांचा अर्थ भूमीचा पुत्र. हातखंब्याच्या आसपास राहणाऱ्या विद्यार्थ्यास हें शेवटचें नांव समजावून सांगण्यास फार दूर जावें लागत नाहीं. आपल्या सड्यावरील जांभा दगड पाहा. त्याचें मूळ सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्यास भूगर्भशास्त्रांत बेसाल्ट म्हणतात, तोच आहे. लक्षावधि वर्षांच्या उष्ण हवेनें व मुसळधार पावसानें त्यांतील विद्राव्य भाग धुऊन गेला. मागें लोह व ॲल्युमिनियम यांचीं ऑक्साइडें राहिलीं, आणि काळा दगड तांबडा झाला. मंगळाचें कवचही बव्हंशीं बेसाल्टचेंच असून त्यावर पसरलेली धूळ लोहाच्या गंजानें तांबडी झालेली आहे. मात्र जो पाऊस कोंकणांत पडतो तो तेथें आज पडत नाहीं. मग गंज चढला कसा? ही धूळ कोरड्या हवेंतच हळूहळू गंजली असावी, असें बरीच वर्षें मानीत असत. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, या धुळींत पाण्याचा अंश असलेलें फेरिहायड्राइट नांवाचें लोहखनिज असावें, आणि तें थंड पण ओलसर काळांत तयार झालें असावें, असा निष्कर्ष काढला आहे. तात्पर्य, मंगळाच्या रंगाचा प्रश्न हा मंगळावरील पाण्याचा प्रश्न आहे, आणि पाण्याचा प्रश्न म्हणजे तेथें कधीं जीवन होतें काय, हा प्रश्न होय.

२. मागें चालणारा ग्रह

दुर्बीण नसतांना प्राचीनांचें लक्ष मंगळानें वेधून घेतलें तें त्याच्या विचित्र चालीनें. तो ताऱ्यांमधून सामान्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतो. परंतु सुमारें सव्वीस महिन्यांनीं एकदां तो थबकतो, दोन-अडीच महिने उलट चालतो, पुन्हा थबकतो आणि मग पूर्ववत् मार्गास लागतो. यासच तो 'वक्री' व 'मार्गी' झाला असें म्हणतात. वस्तुतः तो मागें फिरत नाहीं. मुंबई-गोवा रस्त्यावर आपली मोटार पुढील सावकाश चाललेल्या मालमोटारीस मागें टाकूं लागली, म्हणजे ती मालमोटार दूरच्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर क्षणभर मागें सरकल्यासारखी भासते. पृथ्वी आंतल्या कक्षेंतून अधिक वेगानें जाते व मंगळास ओलांडते, त्या वेळीं हाच भास आकाशांत होतो. या सुमारास सूर्य, पृथ्वी व मंगळ एका रेषेंत येतात. सूर्य मावळतांच मंगळ पूर्वेस उगवतो व रात्रभर दिसतो. यास प्रतियोग म्हणतात.

आमच्या सिद्धान्तकारांनीं या गतीचें गणित किती बारकाईनें बसविलें होतें तें पाहा. सूर्यसिद्धान्तांत एका महायुगाचे १,५७,७९,१७,८२८ दिवस आणि तेवढ्यांत मंगळाच्या २२,९६,८३२ प्रदक्षिणा सांगितल्या आहेत. भागाकार केल्यास एका प्रदक्षिणेस ६८६.९९७५ दिवस येतात. आधुनिक मान ६८६.९८ दिवस आहे. दोहोंत फरक सुमारें पंचवीस मिनिटांचा.

परंतु विद्यार्थ्यांनीं येथेंच थांबून धन्यता मानूं नये. पुढचा गुणाकारही करावा. हजार वर्षांत मंगळाच्या सुमारें ५३२ प्रदक्षिणा होतात. प्रत्येक प्रदक्षिणेस पंचवीस मिनिटें या हिशेबानें हजार वर्षांत नऊ दिवसांहून अधिक फरक सांचतो, आणि तेवढ्या दिवसांत मंगळ मध्यम गतीनें जवळजवळ पांच अंश चालतो. पांच अंश म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सुमारें दहापट. ग्रंथ कितीही थोर असो, त्यास कालांतरानें वेधाची दुरुस्ती लागतेच, हें या साध्या हिशेबावरून ध्यानांत येईल.

ही दुरुस्ती करणारे आमच्या कोंकणांतच झाले. मुरूड-जंजिऱ्याजवळील नांदगांव येथें केशव दैवज्ञ नांवाचे ज्योतिषी पंधराव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेले. ते स्वतः आकाशाचे वेध घेत व गणिताशीं ताडून पाहत. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनीं शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० मध्यें, 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचिला. त्या काळीं ज्योतिषांत सौर, आर्य व ब्राह्म असे तीन पक्ष होते, आणि प्रत्येकाचे अभिमानी आपलाच पक्ष खरा मानीत. गणेश दैवज्ञांनीं कोणत्याही एका पक्षाचें निशाण धरिलें नाहीं. ज्या ग्रहाचें जें मान आकाशाशीं जुळतें तें घ्यावयाचें, असा त्यांचा बाणा होता. सूर्य त्यांनीं सौरपक्षाचा घेतला. मंगळ, गुरु व राहु आर्यपक्षाचे घेतले. शनि आर्यपक्षाचा घेऊनही त्यास पांच अंशांचा संस्कार दिला. ज्या-चापांचें किचकट गणितही त्यांनीं टाळलें. पुढें कित्येक शतकें महाराष्ट्रांतील पंचांगें मुख्यत्वें याच ग्रंथावरून होत असत. समुद्रकांठच्या एका लहानशा गांवांत बसून, दुर्बिणीवांचून, केवळ डोळा व गणित यांच्या बळावर हें काम झालें, ही गोष्ट कोंकणच्या मुलांनीं विसरतां कामा नये.

३. आठ कलांचा फरक

ग्रहलाघवानंतर सुमारें ऐंशी वर्षांनीं युरोपांतही मंगळानेंच गणितज्ञांची परीक्षा पाहिली. डेन्मार्क देशचा ट्युको ब्राहे याने वीस वर्षांहून अधिक काळ ग्रहांचे अत्यंत सूक्ष्म वेध घेतले होते. त्याजजवळही दुर्बीण नव्हती. सन १६०० मध्यें योहान केप्लर त्याच्या हाताखालीं आला व मंगळाची कक्षा ठरविण्याचें काम त्याजकडे सोंपविण्यांत आलें. ग्रह वर्तुळांत फिरतात ही दोन हजार वर्षांची समजूत मनांत धरून केप्लरनें पुष्कळ गणित केलें आणि अखेर त्याचें गणित वेधांशीं आठ कलांच्या आंत जुळलें. आठ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासाचा सुमारें चतुर्थांश. एवढा फरक वेधाच्या चुकीचा समजून सोडून देणें सोपें होतें. परंतु ट्युकोचा वेध इतका चुकणार नाहीं, अशी केप्लरची खात्री होती. त्यानें वेध राखला व वर्तुळ टाकलें. १६०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यानें सिद्ध केलें कीं, मंगळ दीर्घवर्तुळांत फिरतो व त्या दीर्घवर्तुळाच्या एका नाभींत सूर्य असतो. पुढें न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तास आधारभूत झालेले नियम या आठ कलांतून निघाले.

मंगळाची कक्षा बरीच लंबट असल्यामुळें प्रत्येक प्रतियोगाच्या वेळीं त्याचें अंतर सारखें नसतें. कधीं तो ५ कोटि ६० लक्ष किलोमीटरपर्यंत जवळ येतो, तर कधीं १० कोटि किलोमीटरांहूनही दूर राहतो. अतिशय जवळचे प्रतियोग पंधरा किंवा सतरा वर्षांनीं येतात, आणि ते बहुधा जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत पडतात. कोंकणवासीयांचें दुर्दैव असें कीं, हेच आपले पावसाचे दिवस. २८ ऑगस्ट २००३ व २७ जुलै २०१८ हे दोन्ही उत्तम प्रतियोग ऐन पावसाळ्यांत आले.

४. दुर्बीण, कालवे आणि शाळकरी मुलें

दुर्बीण आल्यावर मंगळ हा बिंदु न राहतां एक जग झाला. १६५९ मध्यें हॉलंडच्या हायगेन्सनें त्यावरील एका काळसर डागाचें चित्र काढलें, आणि तो डाग सरकतांना पाहून ग्रह स्वतःभोंवतीं फिरतो असें ठरविलें. १६६६ मध्यें कासिनीनें त्याच्या दिवसाचें मान २४ तास ४० मिनिटें काढलें. १६७२ च्या प्रतियोगाच्या वेळीं कासिनीनें पॅरिसहून व रिशेनें दक्षिण अमेरिकेंतील काएन येथून एकाच वेळीं मंगळाचे वेध घेतले, आणि दोन्ही ठिकाणांहून दिसणाऱ्या स्थानांतील फरकावरून, म्हणजे लंबनावरून, सूर्याचें अंतर सुमारें १४ कोटि किलोमीटर काढलें. खरें अंतर सुमारें १५ कोटि किलोमीटर आहे. विल्यम हर्शेलनें १७७७ ते १७८३ या काळांत मंगळाच्या ध्रुवांवरील पांढऱ्या टोप्या ऋतूंप्रमाणें लहानमोठ्या होतात हें पाहिलें व त्याचा आंस कललेला आहे हें दाखविलें.

मग १८७७ सालचा प्रसिद्ध प्रतियोग आला. त्या ऑगस्टांत वॉशिंग्टनच्या वेधशाळेंत असाफ हॉल यानें मंगळाचे दोन चिमुकले चंद्र, डायमॉस व फोबॉस, शोधून काढले. त्याच वर्षीं इटलींतील मिलान येथें स्कियापारेली यानें मंगळावर बारीक रेषा पाहिल्या व त्यांस आपल्या भाषेंत 'कानाली' असें नांव दिलें. त्या शब्दाचा अर्थ पाण्याची वाट, मग ती निसर्गानें केलेली असो वा मनुष्यानें. इंग्रजींत मात्र त्याचें 'कॅनाल' झालें, आणि कॅनाल म्हणजे खणलेला कालवा. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर, 'पऱ्या' म्हणावयाचें तेथें 'पाट' म्हटलें गेलें. पऱ्या आपोआप वाहतो. पाट कोणी तरी काढावा लागतो. एका शब्दानें मंगळावर शेतकरी वसविले!

अमेरिकेचा धनिक पर्सिव्हल लोवेल यानें १८९४ मध्यें ॲरिझोनांतील फ्लॅगस्टाफ येथें वेधशाळा बांधली आणि पुढें वर्षानुवर्षें शेंकडों कालव्यांचे नकाशे काढले. मंगळ कोरडा पडत चालला असून तेथील बुद्धिमान प्राणी ध्रुवांवरील बर्फाचें पाणी विषुववृत्ताकडे नेत आहेत, असें त्यानें ग्रंथांतून प्रतिपादिलें. लोवेल आळशी नव्हता, अप्रामाणिकही नव्हता. तो रात्रीमागून रात्री दुर्बिणीपाशीं बसे. परंतु काय दिसावें हें त्यानें आधींच ठरविलें होतें.

या वादांत सर्वांत सुंदर प्रयोग शाळकरी मुलांच्या हातून झाला. ग्रीनिच येथील ज्योतिषी एडवर्ड माँडर यानें तेथील रॉयल हॉस्पिटल स्कूलमधील मुलांस वर्गांत बसवून समोर मंगळाचें चित्र लाविलें. त्या चित्रांत एकही सरळ रेषा नव्हती. केवळ वेडेवांकडे डाग व ठिपके होते. जें दिसतें तें काढा, एवढेंच मुलांस सांगितलें. अगदीं जवळच्या मुलांनीं ठिपके काढले. फार दूरच्यांस कांहीं दिसलें नाहीं. परंतु मधल्या अंतरावर बसलेल्या मुलांनीं ठिपके जोडणाऱ्या सरळ रेषा काढल्या. म्हणजे जेथें डोळा अर्धवट पाहतो तेथें मन उरलेलें पुरें करितें. हा प्रयोग १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९०९ च्या प्रतियोगांत आंतोनियादी यानें पॅरिसजवळील म्यूडोन येथील ८३ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणींतून पाहिलें, तेव्हां कालव्यांच्या जागीं वेडेवांकडे डागच दिसले. तरीही मंगळावरील कालव्यांच्या गोष्टी लोकांच्या मनांतून जावयास आणखी अर्धें शतक लागलें. खोटी रेषा काढणें एका रात्रीचें काम असतें, परंतु ती पुसावयास दोन पिढ्या लागतात.

५. आमच्या इकडील प्रयत्न

याच एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रांतही आकाश व पंचांग यांचा मेळ घालण्याची चळवळ झाली. अलिबागजवळील नागांवचे केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–१८८४) यांनीं १८६० मध्यें 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध करून नवीन वेधांवर आधारलेलें गणित मराठींत आणलें. ग्रहलाघवासही आतां दुरुस्ती हवी, हें त्यांनीं ओळखलें होतें. पुण्यास कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या देखरेखीखालीं भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तेथील वीस इंच व्यासाची दुर्बीण १९१२ सालीं वेधशाळा बंद झाल्यावर कोडाईकॅनॉल येथें गेली.

परंतु रत्नागिरी जिल्ह्याच्या मुलांनीं ज्यांचें नांव कायम ध्यानांत ठेवावें, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित होत. दापोली तालुक्यांतील मुरूड येथें १८५३ सालीं त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकपलीकडे त्यांचें शिक्षण झालें नाहीं. जन्मभर त्यांनीं शाळामास्तरकी केली. बदल्यांच्या गांवीं फिरत फिरत त्यांनीं संस्कृत ज्योतिषग्रंथांचीं हस्तलिखितें जमविलीं, त्यांतील प्रत्येक आंकडा पुन्हा करून पाहिला, आणि १८९६ सालीं 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ मराठींत प्रसिद्ध केला. केशव व गणेश दैवज्ञांची खरी योग्यता आज आपणांस कळते ती बऱ्याच अंशीं या ग्रंथामुळें. १८९८ मध्यें, वयाच्या पंचेचाळिशींत, ते वारले. मोठी दुर्बीण अथवा मोठी पदवी असल्यावांचून विद्या होत नाहीं, असें जो म्हणेल त्यास हें चरित्र दाखवावें.

६. यंत्रांचे डोळे

१५ जुलै १९६५ रोजीं अमेरिकेचें मॅरिनर ४ हें यान मंगळाजवळून गेलें व त्यानें एकवीस पूर्ण छायाचित्रें पाठविलीं. त्यांत कालवे नव्हते, शेतें नव्हतीं. चंद्रावर असतात तशीं विवरें होतीं. कल्पनेचा मंगळ त्या दिवशीं संपला. परंतु घाईनें काढलेला दुसरा निष्कर्षही चुकलाच. त्या थोड्या चित्रांवरून मंगळ म्हणजे दुसरा मृत चंद्र, असें कित्येकांनीं म्हटलें. १९७१ च्या नोव्हेंबरांत मॅरिनर ९ मंगळाभोंवतीं फिरूं लागलें. प्रथम सारा ग्रह धुळीच्या वादळानें झांकलेला होता. तें खालीं बसल्यावर सुमारें बावीस किलोमीटर उंचीचा ऑलिंपस हा ज्वालामुखी, सुमारें चार हजार किलोमीटर लांबीची दरी, आणि नद्यांचीं कोरडीं पात्रें दृष्टीस पडलीं. महाराष्ट्रांतील सर्वोच्च कळसूबाई शिखराची उंची १,६४६ मीटर आहे; अशीं तेरा शिखरें एकावर एक ठेवावीं, तेव्हां ऑलिंपसची बरोबरी होईल. पाट नव्हते, पण पऱ्या मात्र खरेच होते. वाहून वाहून सुकलेले.

२० जुलै १९७६ रोजीं व्हायकिंग १ मंगळावर उतरलें. त्यानें व त्याच्या जोडीच्या यानानें मातींत जीवाचा शोध केला. निश्चित पुरावा मिळाला नाहीं. १९९९ मध्यें एक यान मंगळाशीं पोंचतांच नष्ट झालें. कारण असें कीं, एका गटानें बल पौंडांत दिलें व दुसऱ्यानें तें न्यूटनांत समजून घेतलें. गणिताच्या वहींत उत्तरापुढें एकक न लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण पाठ करून ठेवावें. २००४ च्या जानेवारींत उतरलेली ऑपॉर्च्युनिटी ही गाडी नव्वद दिवसांसाठीं पाठविली होती. ती २०१८ च्या धुळीच्या वादळापर्यंत चालली व पंचेचाळीस किलोमीटर फिरली. खडकांवर एके काळीं पाणी होतें याचा पुरावा तिनें दिला. २००८ मध्यें फीनिक्स यानानें उत्तर ध्रुवाकडे माती उकरून खालचें बर्फ दाखविलें. २०१२ च्या ऑगस्टांत उतरलेल्या क्युरिऑसिटीनें प्राचीन सरोवराचा गाळ तपासला. १८ फेब्रुवारी २०२१ रोजीं पर्सिव्हिअरन्स गाडी एका जुन्या नदीमुखाशीं उतरली, आणि तिच्यासोबतच्या लहान हेलिकॉप्टरनें त्याच वर्षीं १९ एप्रिल रोजीं परग्रहावरील पहिलें उड्डाण केलें. त्याच वर्षीं चीनची गाडी मंगळावर उतरली व संयुक्त अरब अमिरातींचें यान त्याभोंवतीं फिरूं लागलें.

७. मंगळयान

५ नोव्हेंबर २०१३ रोजीं दुपारीं २ वाजून ३८ मिनिटांनीं श्रीहरिकोटा येथून भारताचें मंगळयान निघालें. त्याचें वजन १,३३७ किलो होतें व खर्च सुमारें ४५० कोटि रुपये. आपला पी.एस.एल.व्ही. अग्निबाण त्यास थेट मंगळाकडे फेंकूं शकेल इतका बलवान् नव्हता. म्हणून यान प्रथम पृथ्वीभोंवतींच फिरवून, योग्य क्षणीं एंजिन चालवून, त्याची कक्षा पायरीपायरीनें लांबट केली. गोफण फेंकणारा ती डोक्याभोंवतीं वेग वाढवीत फिरवितो आणि मग दगड सोडतो, त्याची येथें आठवण होते. यांतील एक पायरी कमी पडली; दुसऱ्याच दिवशीं ती भरून काढली. १ डिसेंबर २०१३ रोजीं यान पृथ्वीची ओढ सोडून निघालें. या अग्निबाणाच्या घडणींत वालचंदनगर व मुंबईतील विक्रोळी येथील कारखान्यांचाही हात आहे, हें महाराष्ट्रानें अभिमानानें सांगावें.

खरी कसोटी पुढेंच होती. सुमारें दहा महिने मुख्य एंजिन निजलेलें होतें. मंगळापाशीं पोंचल्यावर तें नेमक्या वेळीं पेटून यानाचा वेग कमी न करील, तर यान ग्रहाजवळून निघून जाईल. २२ सप्टेंबर २०१४ रोजीं एंजिन चार सेकंद चालवून पाहिलें, तें चाललें. २४ सप्टेंबरच्या पहांटेनंतर तें सुमारें चोवीस मिनिटें चालावयाचें होतें, आणि त्या वेळीं मंगळाहून निघालेला संदेश पृथ्वीवर पोंचावयास सुमारें साडेबारा मिनिटें लागत होतीं. येथून हात लावण्यास वावच नव्हता. सर्व आज्ञा आधींच यानाच्या स्मरणांत भरून ठेविल्या होत्या. गणित बरोबर असेल तर यान राहील, चुकलें असेल तर जाईल. यान राहिलें. पहिल्याच प्रयत्नांत मंगळाच्या कक्षेंत यान पोंचविणारा पहिला देश भारत ठरला. सहा महिन्यांसाठीं योजिलेलें हें यान २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ वर्षें, काम देत राहिलें. त्याच्या संचालनाच्या कामांत ऋतु करिधाल व नंदिनी हरिनाथ या स्त्री-शास्त्रज्ञांनीं उपसंचालिका म्हणून भाग घेतला.

आणखी एक नातें सांगण्यासारखें आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर हें बेसाल्ट खडकांत अशनिपातानें झालेलें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर आहे. मंगळावरील विवरेंही बेसाल्टांतच असल्यामुळें तीं समजून घेण्यास लोणारचा अभ्यास फार उपयोगी पडतो. २०१७ सालीं मंगळावरील एका विवरास 'लोणार' हेंच नांव देण्यांत आलें.

८. पत्रिकेंतील मंगळ

आतां प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळूं. पत्रिकेंत लग्नस्थानापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानीं मंगळ असला म्हणजे 'मंगळ आहे' असें म्हणतात. हीं बारांपैकीं पांच स्थानें झालीं. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोंवतीं एक फेरा करिते, त्यामुळें कोणताही ग्रह एका दिवसांत या बाराही स्थानांतून जातो. एका स्थानास सरासरी दोन तास. म्हणजे रोज, वर्षाच्या प्रत्येक दिवशीं, चोवीसांपैकीं सुमारें दहा तास जन्मणाऱ्या सर्व बालकांस मंगळ असतो. शंभरांत एकेचाळीस-बेचाळीस, मग तो मुलगा असो वा मुलगी. ही संख्या अडचणीची होते म्हणूनच पुढें अपवादांची यादी जोडावी लागते.

या हिशेबांत मंगळ साडेपांच कोटि किलोमीटरांवर आहे कीं चाळीस कोटींवर, याचा कोठेंच संबंध येत नाहीं. अपत्य दोन तास आधीं झालें असतें तर दोष नव्हता, दोन तास उशिरा झालें म्हणून आहे. ज्यास गणेश दैवज्ञांचा न्याय मान्य आहे त्यानें ग्रहाच्या स्थानाप्रमाणें त्याचें फलही दृक्प्रत्ययाच्या तराजूंत घालावें. शंभरांतील चाळीसांचे संसार खरोखर निराळे निघतात काय, हें आपल्याच गांवांत, आपल्याच नात्यांत मोजून पाहावें. लोवेलच्या कालव्यांनीं कोणाचें फारसें नुकसान झालें नाहीं. आम्ही काढलेल्या या रेषेनें मात्र पुष्कळ मुली वर्षानुवर्षें घरीं बसल्या, कित्येकींस नको तें स्थळ पत्करावें लागलें, आणि आईबाप खोट्या पत्रिका करावयास प्रवृत्त झाले. ही रेषा पुसणें तुमच्या पिढीच्या हातीं आहे. विद्यार्थिनींनीं तर हा त्रैराशिकाचा हिशेब वहींत मांडून घरच्या वडील माणसांस, आदर राखून, अवश्य समजावून द्यावा.

९. स्वतः पाहावें कसें

मंगळ ओळखणें अवघड नाहीं. तो तांबूस असून ताऱ्यांप्रमाणें लुकलुकत नाहीं. रोहिणी व ज्येष्ठा हे तारेही तांबूस आहेत, पण ते लुकलुकतात व आपली जागा सोडीत नाहींत. १६ जानेवारी २०२५ च्या प्रतियोगानंतरचा प्रतियोग १९ फेब्रुवारी २०२७ चा. त्या सुमारास मंगळ सिंह राशींत, मघा नक्षत्राच्या आसपास असतो, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुमारें मार्चअखेरपर्यंत वक्री राहतो. अंतर बरेंच आहे खरें, परंतु आपल्या सड्यावर त्या महिन्यांत आभाळ निरभ्र असतें. जवळचा मोठा प्रतियोग १५ सप्टेंबर २०३५ च्या सुमाराचा; तेव्हां पावसाची शेवटची सर चुकवावी लागेल.

एका वहींत मघेच्या भोंवतालचे ठळक तारे टिंबांनीं मांडावे. दर आठवड्यास एकदां, हमरस्त्याच्या दिव्यांपासून दूर जाऊन, मंगळ त्या टिंबांत कोठें आहे तेथें खूण करावी व तारीख लिहावी. दोन टिंबांच्या मध्यें जें दिसलें नाहीं तें काढूं नये. तीन महिन्यांनीं त्या खुणा क्रमानें जोडल्या असतां ग्रहाचें थांबणें, मागें वळणें व पुन्हा पुढें निघणें तुमच्या स्वतःच्या हस्ताक्षरांत तुमच्यापुढें येईल. नांदगांवच्या गणेश दैवज्ञांजवळ याहून अधिक साधन नव्हतें.